निसर्गाची तिकिटे सालवार लावून पाहा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नव्याने तिकिटे जमवणारे बहुधा प्राण्यांनुसार पाने लावतात. वाघांचे एक पान, पक्ष्यांचे दुसरे, फुलांचे तिसरे. पान देखणे दिसते, यात शंका नाही. पण आमचा आग्रह असा, की तीच तिकिटे एकदा तरी सालवार लावून बघा.

1962 साली वन्यजीव सप्ताहानिमित्त गेंड्याचे 15 नव्या पैशांचे तिकीट निघाले. पुढच्याच वर्षी पाच तिकिटांचा संच आला: गवा, तांबडा पांडा, हत्ती, वाघ आणि सिंह. त्यातला वाघ 50 नव्या पैशांचा. त्या काळी वाघाच्या शिकारीचे परवाने मिळत होते. वन्यजीव संरक्षण कायदा आला 1972 मध्ये, आणि 1 एप्रिल 1973 रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. त्याखालच्या पहिल्या नऊ राखीव जंगलांत आपले मेळघाटही होते. व्याघ्र प्रकल्पाला दहा वर्षे झाली तेव्हा, 1983 मध्ये, वाघाचे दोन रुपयांचे तिकीट निघाले. हे दोन वाघ अल्बममध्ये शेजारी शेजारी लावा. मधल्या वीस वर्षांत काय काय बदलले, ते घरातल्या मुलांना सांगायला याहून सोपी जागा नाही.

1983 हे साल आमच्या विशेष आवडीचे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी त्या वर्षी शंभर वर्षांची झाली, आणि तिच्या तिकिटावर महाधनेश हा पक्षी आला. त्याच साली सायबेरियन क्रौंचाचेही तिकीट निघाले. हे पक्षी तेव्हा दर हिवाळ्यात भरतपूरला उतरत. 2002 नंतर ते तिथे दिसलेले नाहीत. हे तिकीट हातात घेतले की आम्हाला दर वेळी चुटपुट लागते.

माळढोकाचे तिकीट 1980 चे. जयपूरला माळढोकांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती, त्या निमित्ताने ते निघाले. सोलापूरजवळच्या नान्नजचे माळढोक अभयारण्य त्याच्या आदल्याच वर्षीचे. सोलापूर भागातले ग्राहक हे तिकीट आवर्जून मागतात, आणि ते आम्ही त्यांच्यासाठी राखूनही ठेवतो.

पाण्यात घालण्याआधी

पाकिटावरचे वापरलेले तिकीट कधीही ओढून काढू नका. भोवतीचा कागद थोडा ठेवून कापा आणि कोमट पाण्यात तरंगू द्या. डिंक सुटला की तिकीट आपोआप वेगळे होते. मग ते चिमट्याने उचलून टिपकागदावर पालथे वाळत घाला. बोटांनी उचललेत तर ओल्या तिकिटाचे दंतुरे, म्हणजे कडेचे दाते, हमखास तुटतात.

मात्र 1994 ची पाणपक्ष्यांची चार जोडतिकिटे, म्हणजे एकमेकांना जोडून छापलेली तिकिटे, याला अपवाद आहेत. ती पाण्यात विरघळणाऱ्या शाईने छापली गेली होती, आणि हे लक्षात येताच त्यांची विक्री थांबवली गेली. आमच्याच टेबलावर एकदा त्यांतले एक तिकीट नजरचुकीने वाटीत पडले. बघता बघता पाणी रंगले आणि हाती फिकट कागद उरला. या चारांत गुलाबी डोक्याचे बदक आहे, जे कित्येक दशकांत कुणाला खात्रीने दिसलेले नाही. ही तिकिटे पाकिटाच्या कागदासकटच जपा.

2006 चे चंदनाच्या वासाचे 15 रुपयांचे तिकीटही धुऊ नका. ते वेगळ्या पारदर्शक पाकिटात ठेवा.

पावसाळ्यात

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत कोऱ्या तिकिटांचा डिंक पानाला चिकटतो. अल्बम आडवे रचू नका, पुस्तकांसारखे उभे ठेवा. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि उघडीप मिळाली की पाने चाळा. सेलोटेप कुठेही लावू नका. त्याचा पिवळा डाग जन्मभर जात नाही.

जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यात एखादे अनोळखी तिकीट सापडले, तर पाण्यात घालण्याआधी ते पाकिटासकट दुकानात घेऊन या. नुसते पाहून सांगायचे आम्ही पैसे घेत नाही.