शुगर उतरली की चढली? चक्कर सारखी, इलाज उलटा

मे महिन्यातली दुपार, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतली यंत्रमागाची शेड. मागावरचा कामगार अचानक भिंतीला टेकून खाली बसतो. शर्ट घामानं चिंब, हात थरथरताहेत, विचारलं एक तर उत्तर भलतंच. जमलेल्यांत लगेच दोन तट पडतात. "शुगरवाला हाय, साखर द्या त्याला." "खुळा का काय? शुगरवाल्याला साखर देतोस?" तेवढ्यात तिसरा कांदा फोडून नाकाशी धरतो.

पहिल्याचं बरोबर आहे. कांदा भाकरीसाठी ठेवा.

घोळ सुरू होतो तो शब्दापासून. आपल्याकडे आजाराचं नाव शुगर, वाढलेली साखर म्हणजे शुगर, आणि शुगरवाला चक्कर येऊन पडला तरी "शुगर झाली". रक्तातली साखर घसरणं आणि चढणं या मात्र एकमेकींच्या उलट गोष्टी आहेत. दोन्हींत गळून गेल्यासारखं होतं, डोळ्यांपुढं अंधुक येतं, चिडचिड होते. एकीला साखर द्यायची असते, दुसरीला पाणी, औषध आणि बऱ्याचदा दवाखाना.

वेगळ्या कशा ओळखायच्या

सगळ्यात आधी वेग बघा. घसरण मिनिटांत होते. अर्ध्या तासापूर्वी हसून बोलणारा माणूस आता थरथरत असतो. चढण तासांत, दिवसांत होते. "चार दिवस झाले, अंगात जीवच नाही" ही भाषा चढलेल्या साखरेची.

मीटरवर, म्हणजे बोट टोचून साखर मोजायच्या यंत्रावर, ७० मिलिग्रॅमच्या (दर १०० मिली रक्तामागे) खाली आकडा आला की साखर घसरली म्हणायचं, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. साखर खाली जाऊ लागली की शरीर ॲड्रिनलिन सोडतं. घाम, थरथर, छातीत धडधड आणि पोटात खड्डा पडल्यासारखी भूक ही त्याची करणी. ओठांना मुंग्याही येतात. तरीही साखर मिळाली नाही तर मेंदूचं इंधन तुटतं आणि माणूस बरळतो, झोकांड्या खातो, शेवटी झटके येऊन बेशुद्ध पडतो. झोकांड्या खाणाऱ्याला लोक "प्यालाय" म्हणून सोडून देतात. खरोखर शिंदी किंवा दारू घेतली असली तर धोका उलट जास्त, कारण दारू निस्तरण्यात गुंतलेलं यकृत साठवणीतली साखर रक्तात सोडत नाही. रात्री प्यायलेल्याची साखर पहाटे झोपेत घसरू शकते, ती अशी.

चढलेल्या साखरेची खूण म्हणजे तहान आणि लघवी. रक्तात साधारण १८० च्या वर साखर गेली की मूत्रपिंड ती लघवीतून बाहेर सोडायला लागतं, आणि साखर जाताना पाणीही ओढून नेते. म्हणून रात्री चारदा उठणं, घशाला कोरड, कोरडी जीभ. घाम सुटणं हे तिचं लक्षण नाही. पण सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर असताना घाम सगळ्यांनाच येतो, म्हणून घामासोबत थरथर आणि भूक आहे का ते विचारा. साखर घसरल्याचा घाम थंड असतो, पंख्याखाली बसवलं तरी थांबत नाही.

मीटर हाताशी नसेल आणि दोन्हींतलं काय आहे ते कळत नसेल, तर घसरली असं धरून साखर द्या. माणूस शुद्धीवर आणि गिळू शकणारा हवा, एवढीच अट. १५ ग्रॅम साखरेनं आकडा साधारण ४०-५० नं वर जातो. आधीच ३०० असलेल्याचे ३५० झाले तर त्यानं लगेच काही बिघडत नाही. ४० वर असलेल्याला अर्धा तास साखर मिळाली नाही तर मात्र मेंदूवर आणि जिवावर बेतू शकतं.

पंधराचा हिशेब

१५ ग्रॅम म्हणजे चहाचे तीन चमचे साखर अर्ध्या पेल्याहून कमी पाण्यात विरघळवून, किंवा १५० मिली साधं कोल्ड्रिंक. 'डाएट' किंवा 'झिरो' लिहिलेलं कोल्ड्रिंक इथं कुचकामी, त्यात साखरच नसते. द्यायचं, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. अजून ७० च्या खाली असेल तर परत तेवढंच.

चूक होते ती या १५ मिनिटांत. थरथर थांबत नाही म्हणून घाबरून लोक पाव किलो पेढे संपवतात, आणि दोन तासांनी आकडा ३५० वर जातो. पेढा, चॉकलेट, आइस्क्रीम तसंही या कामाचं नाही. त्यातल्या स्निग्धांशामुळं पोट हळू रिकामं होतं आणि साखर रक्तात उशिरा पोचते. भाकरी-चटणीचंही तेच. शेंगाचटणीत तेल, भाकरीत सावकाश पचणारा स्टार्च. भाकरीची वेळ आकडा ७० च्या वर आल्यानंतरची. पुढचं जेवण तासाभराहून लांब असेल तर अर्धी भाकरी किंवा कपभर दूध घ्यावं, म्हणजे साखर पुन्हा घसरत नाही.

(जाता जाता: "ज्वारीनं शुगर वाढत नाही" हे खोटं. मंगळवेढ्याची असली तरी ज्वारी धान्यच आहे. ५०-६० ग्रॅम पिठाच्या भाकरीत ३५ ते ४० ग्रॅम पिष्ट असतं. कडक भाकरी पातळ असते म्हणून एका बैठकीत चार सहज खाल्ल्या जातात. भाकऱ्या मोजू नका, पीठ मोजा.)

बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरपाणी ओतायचं नाही. ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा, तोंड मोकळं ठेवा, १०८ ला फोन करा आणि "शुगरचा पेशंट, बेशुद्ध" हे शब्द पहिल्या वाक्यात सांगा.

गोळी कोणती, त्यावर बरंच ठरतं

"मला कधी लो होत नाही" म्हणणारा बहुतेक एकट्या मेटफॉर्मिनवर असतो. एकट्या मेटफॉर्मिननं साखर सहसा घसरत नाही. घसरवतात त्या मुख्यतः इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गटाच्या गोळ्या. या गोळ्यांनी घसरलेली साखर एकदा वर आली म्हणून निर्धास्त होऊ नका. गोळीचा अंमल बराच वेळ राहतो, आणि वय झालेल्या किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्या माणसाची साखर दिवसभरात पुन्हापुन्हा पडू शकते. अशा पेशंटला घरी परत आणण्यापेक्षा एक रात्र दवाखान्यात ठेवलेलं बरं.

पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज लिहिलं असेल तर घरातली साखर आणि गूळ लवकर लागू पडत नाहीत. ही गोळी आतड्यात साखर फोडणारं विकरच अडवते. ग्लुकोज मात्र फोडावं लागत नाही. म्हणून अशांच्या खिशात ग्लुकोज पावडरची पुडी हवी, आणि ती साधी, बिनचवीची. संत्र्याच्या किंवा लिंबाच्या चवीच्या पाकिटात साखर मिसळलेली असू शकते, तेव्हा लेबल वाचून घ्या. आपल्याकडे व्होग्लिबोज बऱ्याचदा ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत येतं, त्यामुळं ते आपण घेतोय याचाच पत्ता अनेकांना नसतो.

बीपीसाठी मेटोप्रोलॉल किंवा प्रोप्रानोलॉल चालू असेल तर धडधड आणि थरथर दबते. घाम दबत नाही.

चढलेल्या साखरेचं काय करायचं

एकदा २८० आला म्हणून मनानं दुप्पट गोळी किंवा जादा इन्सुलिन घेऊ नका. दुपारची चढण रात्रीची घसरण होते ती याच वाटेनं. पाणी प्या, राहिलेला डोस आठवा, कुठं जखम, ताप, लघवीची जळजळ आहे का बघा, आणि आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा.

तातडीची वेळ वेगळी असते. उलट्या, पोटात दुखणं, खोल आणि भराभर चालणारा श्वास, श्वासाला अतिपिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश पुसायच्या द्रावणासारखा वास, ही रक्तात आम्ल साठल्याची लक्षणं. टाइप १ च्या, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही अशा पेशंटमध्ये ती जास्त दिसतात. इथं एक गैरसमज फार महागात पडतो: "उलट्या होताहेत, पोटात काही नाही, मग इन्सुलिन कशाला?" टाइप १ मध्ये रोजचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन उपाशीपोटीही बंद करायचं नसतं, ते थांबलं की शरीर चरबी जाळायला घेतं आणि आम्ल बनतं. उलट डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या उलट्या-जुलाबात थांबवाव्या लागतात, कारण त्यांच्यामुळं मीटरवर फारसा आकडा न दिसताही आम्ल साठू शकतं. टाइप २ च्या, म्हणजे बहुतेकांना मोठ्या वयात होणाऱ्या नेहमीच्या शुगरच्या, वयस्क माणसाची तऱ्हा निराळी. साखर ६०० च्या पुढं जाते, अंग पार सुकतं, माणूस दोन दिवस गुंगीत असतो आणि घरचे म्हणतात, "उन्हानं झोप लागलीय."

ऊन दोन्हीकडं ढकलतं

गरम त्वचेतून इन्सुलिन भराभर शोषलं जातं, म्हणून घसरण. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातली साखर दाट होते, म्हणून चढण. त्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बाटली उन्हानं निकामी झाली तर डोस रोज घेऊनही आकडे चढतात, आणि घरात भांडण लागतं, "चोरून गोड खातोस."

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, फ्रीजरमध्ये नाही. एकदा गोठलं की टाकून द्यायचं. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे, ३० अंशांखाली. फ्रिज नसेल तर परातीत ओली वाळू, त्यात छोटं कोरडं मडकं, मडक्यात डबी, डबीत बाटली, आणि वरून ओलं फडकं. मडकं सावलीत, वाऱ्याला हवं. पाणी उडून गारवा येतो आणि सोलापूरच्या कोरड्या हवेत तो चांगला येतो. बाटली थेट पाण्यात सोडायची नाही. दुधासारखं पांढुरकं दिसणारं इन्सुलिन तळहातांत घोळवल्यावर एकसारखं दिसायला हवं. काचेला कण चिकटलेले दिसले तर ती बाटली बाद.

सिरिंजचा घोळ याहून वाईट. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बऱ्याचदा ४० ताकदीचं (एका मिलीत ४० युनिट), पेनमधलं १०० चं. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची नारिंगी. ४० च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजनं २० च्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात जातात फक्त ८ युनिट, आणि साखर चढते. पेन बिघडलं म्हणून त्यातलं इन्सुलिन लाल सिरिंजनं २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर जातात ५०. औषध तेच, हात तोच, आणि माणूस तासा-दोन तासांत आडवा. औषधाच्या दुकानातून सिरिंज घेताना टोपीचा रंग आणि बाटलीवरचा आकडा काउंटरवरच जुळवा.

एकादशीचा दिवस

उपासाच्या दिवशी एकाच माणसाला दोन्ही भोगावं लागतं. सकाळी आठला ग्लिमेपिराइड, त्यावर नुसता चहा, बाराला हातपाय थरथर. मग साबुदाण्याची खिचडी, केळं, राजगिऱ्याचा लाडू, आणि रात्री ३२०. लोक दोष खिचडीला देतात, पण दिवसाची सुरुवात रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळीनं झालेली असते. उपासाच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून सकाळचा डोस बदलून घ्या, निर्जळी टाळा. रमजानलाही डोस असाच आधी विचारून घ्या, आणि ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर आकडा गेला तर रोजा सोडावा.

१२० ला "लो"

महिनोन् महिने ३०० वर राहिलेल्या माणसाचे आकडे उपचारानं १२० वर आले की त्याला घाम, थरथर, भूक सगळं होतं. शरीर ३०० लाच घर समजून बसलेलं असतं. ही खरी घसरण नव्हे. मात्र माणूस घाबरून साखर खातो, गोळी अर्धी करतो आणि "मला २०० च मानवते" असं सांगत फिरतो. अशा वेळी आधी मीटर. ७० च्या वर असेल तर साखर न खाता वेळेवर जेवण, आणि जमलं तर डॉक्टरांना सांगून साखर सावकाश उतरवणं. काही आठवड्यांत हे थांबतं.

आणि मीटरही फसवतं. आंबा सोललेलं बोट न धुता टोचलं तर खरी साखर ६५ असताना पट्टी २४० दाखवू शकते, आणि स्पिरिटचा एक बोळा फिरवून ती चिकट साखर पुरती जात नाही. उन्हात तापलेल्या मोटारसायकलच्या डिकीत पट्ट्यांची डबी ठेवली तरी आकडे चुकतात. अनेक मीटर ४० ते ४५ अंशांच्या पुढं चालतच नाहीत. माणूस घामाघूम, हात थरथरताहेत आणि पडद्यावर २४०, असं दिसलं तर हात साध्या पाण्यानं धुवा, कोरडे करा, नवी पट्टी लावून बोटाच्या कडेला टोचा.