सोसायटीत पावसाचं पाणी तुंबतं: महारेराकडे तक्रार करण्याआधी काय जमवायचं

‘पाच वर्षं व्हायची आहेत अजून, पावसाळा संपला की बघू’ असं म्हणत बसल्यामुळे अनेक सोसायट्यांनी बिल्डरकडून विनाखर्च करून घ्यायचं काम शेवटी सभासदांकडून वर्गणी काढून केलं आहे. म्हणून आधी मुदतीचं बोलू, फॉर्मचं नंतर.

रेरा म्हणजे घरखरेदीदारांसाठीचा स्थावर संपदा कायदा आणि महारेरा हे तो राबवणारं राज्याचं प्राधिकरण. या कायद्याचं कलम १४(३) असं: बांधकामातला, कामाच्या दर्जातला किंवा सेवासुविधांमधला दोष ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बिल्डरच्या निदर्शनास आणून दिला, तर त्याने तो ३० दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्त करून द्यायचा. नाही केला तर नुकसानभरपाईचा हक्क. पावसाळी गटारं, चेंबर, पोडियमवरचे उतार, शोषखड्डे, पाणी साठवायची टाकी किंवा तळं, सगळं यात येतं. कायद्याच्या ‘सामाईक क्षेत्रा’च्या व्याख्येत जलसंधारणाची व्यवस्था स्पष्ट लिहिलेली आहे, त्यामुळे ‘ती फक्त शोभेची होती’ हे उत्तर ऐकून घ्यायचं कारण नाही.

पाच वर्षं मोजायची कुठून? सोसायटी नोंदल्याच्या तारखेपासून नाही आणि भोगवटा पत्राच्या तारखेपासूनही नाही, ताब्यापासून. प्रत्येक फ्लॅटचा ताबा वेगळ्या दिवशी दिलेला असतो, पण गटार सगळ्यांचं एकच. बिल्डरचा वकील सर्वांत जुनं पझेशन लेटर पुढे करणार हे धरून चाला आणि तुम्हीही त्याच तारखेपासून मोजा. दुसरी गफलत याच्या उलट आहे. पाच वर्षांत तक्रार दाखल झालीच पाहिजे असं हे कलम म्हणत नाही. दोष बिल्डरला कळवलेला असला पाहिजे. मात्र कळवणं म्हणजे लेखी. साइट इंजिनिअरला केलेला फोन, ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ, ‘अहो, मी स्वतः साहेबांशी बोललो होतो’ यातलं काही सुनावणीत टिकत नाही. करारनाम्यात बिल्डरचा जो पत्ता आणि ईमेल आहे तिथेच स्पीड पोस्टने आणि ईमेलने नोटीस पाठवा. पाकीट ‘घेण्यास नकार’ शेरा मारून परत आलं तर ते न फोडता तसंच जपून ठेवा. पोचेइतकंच ते कामाचं असतं.

नोटिशीत ‘पाणी तुंबते, कृपया लक्ष घालावे’ एवढंच लिहू नका. कुठल्या विंगसमोर, किती इंच, पाऊस थांबल्यावर किती तास, कोणत्या चेंबरमधून उलटं वर येतं, हे लिहा. आणि हा पुरावा पावसातच गोळा करा. स्थापत्य अभियंत्याला जानेवारीत बोलावलंत तर त्याला कोरडं ठणठणीत बेसमेंट दिसेल आणि अहवालातही तेच येईल.

बिल्डरचं ठरलेलं उत्तर असतं, ‘तुम्ही चेंबर साफच केले नाहीत.’ दुर्दैवाने बरेचदा ते खरं निघतं. दर मे महिन्यात गाळ काढल्याचं बिल आणि फोटो फाइलला लावलेले असतील तर हा मुद्दा तिथेच मिटतो. नसतील, तर यंदा आधी सफाई करून घ्या आणि त्यानंतरही पाणी साचलं की मग नोटीस द्या. मुदत संपत आली असेल तर मात्र थांबू नका, नोटीस आधी.

आता तो कागद, जो कुणाकडेच नसतो: पावसाळी लाइनचा नकाशा. पाइप किती व्यासाचा, उतार कुठे, शेवटी पाणी कुठल्या नाल्यात जातं, हे दाखवणारा. कलम १७ प्रमाणे आवश्यक कागदपत्रं आणि नकाशे रहिवाशांच्या संस्थेकडे सोपवणं ही बिल्डरचीच जबाबदारी आहे. प्रत्यक्षात सोसायटीला किल्ल्यांचा जुडगा आणि लिफ्टचं वॉरंटी कार्ड मिळतं. आधी लेखी मागणी करा, कारण ‘मागूनही दिला नाही’ हाही तक्रारीचा मुद्दा होतो. मग महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, शुल्क १० रुपये. भोगवटा पत्र, नकाशा आणि झाडांची परवानगी एकाच अर्जात कोंबली की तो परत येणार. नकाशा ‘त्रयस्थाची माहिती’ म्हणून नाकारणारे अधिकारीही भेटतात. ज्या इमारतीत तुम्ही राहता तिच्या बाबतीत तुम्ही त्रयस्थ कसे, हे त्यांनाच ठाऊक. तिथे न चिडता ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करा.

एक सोपा रस्ता मात्र फार कमी जणांना माहीत असतो. प्रकल्पाचं बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर त्याला पर्यावरण मंजुरी लागते, आणि मंजुरीची पत्रं केंद्राच्या परिवेश पोर्टलवर कुणालाही पाहता येतात. राज्यातल्या अनेक पत्रांमध्ये पावसाच्या पाण्याचं प्रमाण, गटाराचा आकार, शोषखड्ड्यांची संख्या आणि जागा तक्त्यात दिलेली असते. पत्रात दहा खड्डे आणि आवारात चार असतील, तर वेगळा युक्तिवाद करावाच लागत नाही.

पूर्णत्वाचा दाखला १ मे २०१७ च्या आधी मिळालेला प्रकल्प असेल तर महारेराचा दरवाजा सहसा बंद. तिथे मोफा, म्हणजे रेराच्या आधीपासूनचा राज्याचा फ्लॅट मालकी कायदा, त्यातली दोष कळवायची तीन वर्षांची मुदत तपासा आणि ग्राहक आयोगाकडे जा.

तक्रार महारेराच्या पोर्टलवर ऑनलाइन होते, शुल्क ५,००० रुपये. सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, दोन-तीन नोंदणीकृत करारनामे, पझेशन लेटर, नोटीस आणि पोच, फोटो, अभियंत्याचा अहवाल जोडा. सचिवांना अधिकार देणारा ठरावही जोडायचा असतो आणि नेमका तोच राहतो, मग सुनावणीची तारीख वाया जाते. फॉर्म निवडतानाही घाई नको: दुरुस्तीचा आदेश हवा असेल तर फॉर्म ‘ए’, नुकसानभरपाई हवी असेल तर न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे फॉर्म ‘बी’. एकात दोन्ही मागून चालत नाही.

गेटच्या बाहेरचं पाणी हा महारेराचा विषय नाही. रस्त्यावरची पावसाळी लाइन तुंबून पाणी आत येत असेल तर क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्या, आणि त्यात ‘ड्रेनेज’ न लिहिता ‘पावसाळी गटार’ लिहा. ड्रेनेज म्हटलं की मैलापाण्याची माणसं येतात, आपली लाइन मोकळी आहे असं बघून तक्रार बंद करून जातात. बिल्डरने पावसाळी पाइप मैलावाहिनीलाच जोडलेला सापडला तर त्याचा फोटो वेगळा काढून ठेवा. तो थेट दोष आहे.

आदेश मिळाला किंवा बिल्डर आधीच नमला, तर तो बहुधा हिवाळ्यात काम करून ‘काम समाधानकारक पूर्ण झाले’ असं पत्र सहीसाठी पुढे करतो. त्यावर सही करू नका. ‘काम झाल्याची पोच, तपासणी पावसाळ्यात’ एवढंच लिहून द्या, आणि त्याची एक प्रत आपल्याकडे ठेवा.