सी४०

हवामानबदलाला तोंड देण्यासाठी जगातल्या मोठ्या शहरांच्या महापौरांनी उभारलेला गट. ऑक्टोबर २००५ मध्ये लंडनचे तत्कालीन महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी १८ महानगरांच्या प्रतिनिधींना एकत्र बोलावले. पुढच्याच वर्षी बिल क्लिंटन यांच्या प्रतिष्ठानाचा हवामानविषयक उपक्रम सोबत आला आणि शहरांची संख्या ४० झाली. आता ती शंभराच्या आसपास आहे. नाव मात्र ४० वरच थांबले. भारतातून मुंबई, दिल्ली, चेन्नई, बंगळूरु, कोलकाता आदी शहरे यात आहेत.

पॅरिस करारातील जागतिक तापमानवाढीच्या १.५ अंशांच्या मर्यादेशी जुळणारा आराखडा सभासद शहराने करावा, अशी अपेक्षा असते. गटाचा खरा उपयोग मात्र परिषदांतल्या घोषणांपेक्षा एका शहराची कारभाराची रीत दुसऱ्याने उचलण्यात आहे. ऑस्लोने २०१७ च्या अर्थसंकल्पापासून पैशांच्या जोडीला हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाचाही हिशेब मांडायला सुरुवात केली: कोणते खाते, कोणत्या कामाने, किती कपात करणार. जबाबदारी पर्यावरण विभागापुरती न ठेवता तिजोरी सांभाळणाऱ्यांकडे नेली, ही त्यातली मेख. सी४० च्या पथदर्शी प्रकल्पातून ही पद्धत मुंबईत आली आणि जून २०२४ मध्ये महापालिकेने आपला पहिला हवामान अर्थसंकल्प अहवाल काढला. भांडवली खर्चापैकी सुमारे ३२ टक्के रक्कम हवामानाशी निगडित असल्याचे त्यात दाखवले आहे. अर्थात, आधीच ठरलेली मलनिःसारणाची कामेही अशा रकान्यात बसतात. त्यामुळे हा आकडा जपून वाचावा.

मुंबईचा आराखडा २०५० पर्यंत नक्त शून्य उत्सर्जनाचे (जेवढे वायू सोडले तेवढेच शोषले जाण्याचे) लक्ष्य ठेवतो. २०१९ च्या मोजणीनुसार शहराच्या उत्सर्जनात ऊर्जावापराचा वाटा सुमारे ७२ टक्के होता. पण वीज कोळशापासून बनवायची की सूर्यापासून, हे महापालिकेच्या हाती नाही, आणि लोकल रेल्वेही नाही. शिवाय गट महापौरांचा असला तरी मुंबईत १८८८ च्या कायद्याप्रमाणे कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात. १३ मार्च २०२२ रोजी आराखडा जाहीर झाला, तेव्हा तर मुंबईला महापौरच नव्हता. नगरसेवकांची मुदत आठवडाभर आधी संपून प्रशासक नेमला गेला होता.