ज्ञानदान : नाशिक परिसरातील परंपरा

ज्ञानदान : शिकत राहणे आणि शिकलेले दुसऱ्यापर्यंत पोचवणे हेच जगण्याचे प्रयोजन मानणारी धारणा, आणि त्या धारणेतून उभा राहिलेला व्यवहार. ही धारणा एकट्या नाशिकची नाही. मात्र गोदाकाठी तिच्या दोन हजार वर्षांच्या खुणा एका दिवसाच्या फेरीत पाहून होतात : त्रिरश्मी डोंगरावरचे शिलालेख, त्र्यंबकेश्वरची समाधी, टाकळीचा मठ, गावातले जुने वाचनालय, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागा. या सगळ्या ठिकाणी आयुष्याचा हेतू आधी ठरवून मग कोणी शिकवायला बसल्याचे फारसे दिसत नाही. शिकवता शिकवता, पुष्कळदा दुसऱ्याच्या आग्रहाने, तो हाती लागलेला दिसतो. आणि अशा माणसाच्या पोटापाण्याची सोय कोणीतरी केलेली असते. ही बाजू चरित्रग्रंथांत सहसा ओझरतीच येते.

या विचाराचा एक जुना स्पष्ट उच्चार तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत (पहिल्या भागात) आहे. तेथे सत्य, तप, इंद्रियनिग्रह, अतिथीची सेवा, संततीचे पालन अशी कर्तव्ये एकामागून एक सांगितली आहेत आणि प्रत्येकाला ‘स्वाध्याय आणि प्रवचन’ ही जोड लावली आहे. म्हणजे स्वतः अभ्यासणे आणि दुसऱ्याला सांगणे. शेवटी तीन ऋषींची मते येतात. एकाला सत्य पुरेसे वाटते, दुसऱ्याला तप. तिसरा, नाक मौद्गल्य, म्हणतो की स्वाध्याय-प्रवचन एवढेच पुरे, कारण तेच तप आहे. ऋषिऋण अभ्यासाने फेडायचे असते, ही वैदिक कल्पनाही याच जातीची. त्र्यंबकेश्वरच्या वेदपाठशाळांत पदपाठापासून घनपाठापर्यंतच्या पठणपद्धती आजही मुखोद्गत शिकवल्या जातात. पाठ करणारा पुढे पाठ देणारा झाला नाही, तर ती साखळी तिथेच तुटते.

पोटापाण्याचा प्रश्न कसा सुटत असे, याचा उत्तम पुरावा त्रिरश्मी डोंगरावरच्या पांडवलेण्यांत आहे. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला शिलालेख आहे. लेणे भिक्खुसंघाला दिल्यावर त्याने ३,००० कार्षापणांची (तेव्हाची नाणी) कायम ठेव ठेवली : २,००० कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसायबंधूंच्या मंडळाकडे, दरमहा शेकडा एक दराने, उरलेले १,००० दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, अशी अट घातली. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० होते. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळायचे. हिशेब चोख जुळतो. पावसाळ्याचे महिने एका जागी राहून अध्ययन आणि उपदेश करणाऱ्या माणसांच्या अंगावरचे वस्त्र नाशिकच्या विणकरांच्या धंद्यातून येत होते. राजे आणि मठाधिपती यांच्या कथांत या कोष्ट्यांना जागा मिळत नाही, म्हणून येथे त्यांचा उल्लेख जरा विस्ताराने केला आहे.

वारकरी परंपरेत हा धागा ब्रह्मगिरीपाशी सुरू होतो. प्रदक्षिणेच्या वाटेवर वाघ आल्याने निवृत्तिनाथ घरच्यांपासून चुकले, एका गुहेत शिरले आणि तेथे गहिनीनाथ भेटले, अशी कथा आहे. कथेचा ऐतिहासिक भाग कितीही असो, ज्ञानेश्वरीच्या अखेरीस दिलेली गुरुपरंपरा महत्त्वाची आहे. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी अशी ती निवृत्तीपर्यंत येते, आणि कलीने ग्रासलेल्या जीवांची पीडा दूर कर, अशी गहिनीनाथांची आज्ञा तेथे सांगितली आहे. मिळाले ते वाटून टाकण्याची ही स्पष्ट सूचना. निवृत्तिनाथांनी ते धाकट्या भावाला दिले आणि भावाने १२९० मध्ये ते मराठीत सर्वांपुढे मांडले. निवृत्तिनाथांचे अभंग आहेत, पण त्यांचे मोठेपण मुख्यतः त्यांच्या शिष्यावरून मोजले जाते. शिक्षकी पेशातल्या कोणालाही ही गोष्ट ओळखीची वाटेल. पौष वद्य एकादशीला त्यांच्या समाधीपाशी यात्रा भरते, तेव्हा शेताची कामे मागे ठेवून दिंड्या त्र्यंबकला येतात.

समर्थ रामदासांचा टाकळीतला काळ (सुमारे १६२० ते १६३२) याच मालिकेतला. नंदिनी-गोदावरीच्या संगमावर जप, पंचवटीत माधुकरी आणि उरलेल्या वेळात वाचन-लेखन असा बारा वर्षांचा क्रम परंपरा सांगते. त्यांच्या हातचे मानले जाणारे वाल्मीकी रामायण धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जपले आहे. आपल्याला जेवढे ठाऊक आहे तेवढे हळूहळू शिकवावे आणि पुष्कळांना शहाणे करावे, हा दासबोधातला उपदेश मराठी शाळांच्या भिंतींवर रंगवलेला असतो. त्याच्यामागे शिकण्याची ही लांबलचक तयारी होती, आणि ती नाशिककरांच्या भिक्षेवर झाली.

या परंपरेला कुंपणेही होती. पाठशाळा आणि मंदिरे ज्यांच्यासाठी बंद होती त्यांच्या दृष्टीने ज्ञानदान हा शब्दच पोकळ होता. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. स्थानिक पातळीवर दादासाहेब गायकवाड यांनी तो नेटाने चालवला. पाच वर्षे चालूनही दार उघडले नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्याआधी, १९१४ मध्ये, बहुजन समाजातल्या मुलांच्या शिक्षणासाठी मराठा विद्या प्रसारक समाज स्थापन झाला होता. त्याच्या कामात वसतिगृहाला मोठे स्थान होते. खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण मिळाले तरच वर्ग त्याच्या उपयोगाचा, हे संस्थापकांनी ओळखले. उषवदाताच्या ठेवीमागचा विचार आणि हा विचार यांत अठरा शतकांचे अंतर असले तरी व्यवहार एकच आहे. गोखले एज्युकेशन सोसायटीचे हं. प्रा. ठा. महाविद्यालय १९२४ मध्ये निघाले. कुसुमाग्रज तेथे शिकले. नाटककार वसंत कानेटकरांनी तेथे अनेक वर्षे शिकवले.

वर्गाबाहेरच्या शिकण्याला नाशिकमध्ये नेहमीच मान आहे. सार्वजनिक वाचनालय (लोकांच्या तोंडी ‘सावाना’) १८४० मधले, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या ग्रंथालयांपैकी एक. त्याच्या कार्यकारिणीची निवडणूक नगरपालिकेच्या चुरशीने लढवली जाते. ज्या गावात वाचनालयावर निवडून येणे प्रतिष्ठेचे वाटते, त्या गावाबद्दल तेवढ्यावरूनही बरेच कळते. वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केली. नाशिकची व्याख्यानमाला मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणावर उघड्यावर भरते. घाटावर हवा खायला आलेला माणूसही तेथे खुर्ची ओढून बसतो. वक्त्याला श्रोता निवडता येत नाही, ही या व्याख्यानमालेची खरी कसोटी.

दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) हे त्र्यंबकेश्वरचे. १९१२ मध्ये लंडनला जाऊन ते चित्रपटाचे तंत्र शिकून आले आणि परतल्यावर सर्वांत आधी घरच्यांना शिकवले. पत्नी सरस्वतीबाई फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे करू लागल्या. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना दोन्ही नाशिकला हलवले. १९१७ मध्ये चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा लघुपट त्यांनी काढला. धंद्यातले गुपित असे पडद्यावर मांडणारा निर्माता विरळाच.

शिकण्या-सांगण्याची आजची सर्वांत जिवंत जागा मात्र शहराबाहेर आहे. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातला द्राक्ष बागायतदार वर्षातून दोनदा परीक्षेला बसतो. एप्रिलच्या खरड छाटणीत काडी तयार करायची, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीत तिच्यावर माल धरायचा. मधल्या काळात डाउनी, भुरी हे रोग, अवकाळी पाऊस आणि गारपीट. कोणत्या दिवशी काय फवारायचे याला बागाईतदार ‘शेड्यूल’ म्हणतात, आणि ते सांगावे की लपवावे यावर मतभेद आहेत. तासगावकडच्या बागाईतदारांत श्री. अ. दाभोळकर या गणिताच्या प्राध्यापकांनी ‘प्रयोग परिवार’ रुजवला होता. प्रत्येक शेतकरी स्वतःच्या बागेत प्रयोग करतो आणि निष्कर्ष इतरांना सांगतो, अशी ती पद्धत. नाशिकमध्ये चर्चासत्रे, एकमेकांच्या प्लॉटवरच्या फेऱ्या आणि आता व्हॉट्सअॅपचे ग्रुप हेच काम करतात. सांगण्याची निकड २०१० मध्ये सर्वांना कळली. क्लोरमेक्वॅट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडल्याने युरोपने भारतीय द्राक्षे नाकारली. एकाच्या बागेतला अंश शेजाऱ्याच्या मालाचाही भाव पाडू शकतो, म्हटल्यावर माहिती स्वतःपुरती ठेवण्यात शहाणपण उरले नाही. मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी याच भागात वाढली. उत्तम बागाईतदाराकडे छाटणीच्या हंगामात लोकांची रीघ लागते. तो मानधन घेत नाही, चहा मात्र पाजतो. आणि त्याला विचारले तर ‘लोक विचारतात म्हणून सांगतो’ यापलीकडे तो आपल्या कामाचे तत्त्वज्ञान मांडत नाही.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झाले. राम ताकवले पहिले कुलगुरू, ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद. शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम ठेवून पदवीची वाट मोकळी केली, हे त्याचे मोठे काम. पोलीस शिपाई, गृहिणी, कैदी असे विद्यार्थी त्यातून आले. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांकडे पाठवते. तुरुंगापर्यंतही त्या पोचल्या आहेत.

मानसशास्त्रात एरिक एरिक्सन यांनी मध्यम वयाचे मुख्य काम पुढच्या पिढीला काही देणे हे मानले आणि ते जमले नाही तर साचलेपण येते असे म्हटले. निवृत्तीनंतर अभ्यासिकेत मुलांना गणित शिकवणाऱ्या माणसाच्या वागण्याचा त्यातून काहीसा उलगडा होतो. पण एरिक्सन यांची मांडणी देणाऱ्याच्या बाजूने आहे. देणारा वर आणि घेणारा खाली, ही उतरंड नाशिकमध्येही टिकून आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक तालुक्यांतल्या आश्रमशाळांत शहरातून पुस्तके जातात, शिबिरे जातात, निवृत्त शिक्षक जातात. उलट दिशेने येते ते थोडेच. कोकणा आणि वारली समाजांत डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात कथेकरी रात्रभर कथा गातात. साथीला मेण लावून उभी काडी रोवलेला थाळ असतो. नागलीची वाणे, रानभाज्या, पावसाची लक्षणे यांचे ज्ञानही पाठांतरानेच पुढच्या पिढीकडे जाते. पाठशाळेतल्या घनपाठाइतकीच ही स्मरणशक्तीची कमाई आहे, तरी तिला विद्या म्हणण्याची शहराला सवय नाही. हे काम करणारा कथेकरी पिकाच्या दिवसांत शेतात असतो किंवा द्राक्षबागेत मजुरीला येतो. त्याच्या नावाने कोणत्याही श्रेणीकडे ठेव ठेवलेली नाही.