खडे धुऊ नका!
(जादूच्या प्रयोगांसाठी दागिने भाड्याने नेणाऱ्यांना)

हार परत आला की आम्ही तो आधी उलटा करून बघतो. चार-पाच खडे काळवंडलेले असले की पुढचं संभाषण ठरलेलं असतं. "अहो, आम्ही तर स्वच्छ धुऊन आणलाय!" घोळ नेमका तिथेच होतो.

हिऱ्याला चमकायला मागून आधार लागत नाही. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे आत शिरताना प्रकाश किती वाकतो याचं माप, सुमारे 2.42 असतो. त्यामुळे नीट पैलू पाडलेल्या हिऱ्यात शिरलेला बराचसा प्रकाश आतल्या आत उसळून पुढूनच बाहेर येतो. आमचे खडे काचेचे, आणि काचेचं तसं नाही. साधी काच 1.5 च्या आसपास आणि शिशाची (म्हणजे शिसं मिसळलेली) काच थोडी वर, म्हणून बराच प्रकाश मागच्या बाजूने निसटतो. त्याला अडवायला खड्यामागे चंदेरी फॉइल किंवा मुलामा लागतो. कुंदनकामातही खड्याखाली वर्ख असतोच. म्हणजे आमच्या प्रत्येक खड्यामागे एक इवलासा आरसा लपलेला आहे. धुताना तुम्ही तोच बिघडवता.

काचेला हिऱ्याचं रूप द्यायची ही युक्ती आमची नाही. इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने 1674 मध्ये शिशाच्या काचेचं पेटंट घेतलं. पुढे पॅरिसमध्ये जॉर्ज फ्रेडरिक स्ट्रास या जवाहिऱ्याने अशा काचेचे इतके देखणे खडे घडवले की 1734 मध्ये त्याला राजाचा जवाहिरा ही पदवी मिळाली. फ्रेंच आणि जर्मनमध्ये या खड्यांना अजून 'स्ट्रास'च म्हणतात. 1892 मध्ये डॅनिएल स्वारोव्स्कीने खडे कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि हातावरचं हे काम यंत्रावर आलं.

जादूगारांना तर आरशाची गोष्ट सांगायलाच नको. 1865 मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये कर्नल स्टोडेअर या जादूगाराने 'स्फिंक्स' हा प्रयोग दाखवला : तीन पायांच्या टेबलावर पेटी, पेटीत बोलणारं मुंडकं, आणि खाली सगळं मोकळं! टेबलाच्या पायांमध्ये दोन आरसे तिरके बसवलेले होते. त्यांत बाजूचे पडदे दिसायचे आणि प्रेक्षकांना वाटायचं की आपण मागचाच पडदा बघतोय. कल्पना थॉमस टोबिनची. त्या आरशावर बोटाचा ठसा चालला असता का? मग आमच्या आरशावर पाणी कसं चालेल?

पाणी खडा आणि कोंदण यांच्यामधल्या फटीतून आत शिरतं आणि तिथेच बसून राहतं. फॉइल काळं पडतं. सॅनिटायझर, स्पिरिट आणि अत्तर तर मागचा लाखेचा थर आणि गोंदही सोडवतात. म्हणून अत्तर आधी, दागिना शेवटी. प्रयोग संपल्यावर कोरड्या मऊ कापडाने पुसा, बस्स. बाकीची सफाई आमच्याकडे होते आणि ती भाड्यातच धरलेली आहे.

"मग मागून उघड्या कोंदणाचे, धुता येण्यासारखे दागिने का ठेवत नाही?" ठेवून पाहिले. हातात छान दिसतात, पण विसाव्या रांगेतून गळ्यात काही आहे हेच कळत नाही. आणि आमच्या नेहमीच्या हारातला काळवंडलेला एक खडा बदलायचा तर कोंदणाच्या नख्या उघडा, जुना गोंद खरवडा, त्याच झाकेचा खडा शोधा. तोवर तो हार पुढच्या ग्राहकाला देता येत नाही. अनामत रक्कम आम्ही हौसेने घेत नाही.

जाता जाता : प्रयोग काळ्या मखमलीसमोरचा, म्हणजे 'ब्लॅक आर्ट'चा असेल, तर काळ्या कपड्यांमुळे न दिसणाऱ्या सहायकाच्या अंगावर अंगठीसुद्धा नको. एक चमक दिसली की सगळं उघडं पडतं. आरशाच्या टेबलाजवळ लोंबते झुमकेही टाळा, त्यांचं प्रतिबिंब हलतं. अशा प्रयोगांसाठी आमच्याकडे बिनचमकीचा संच आहे. नोंदणी करताना प्रयोग कुठला ते सांगा. रहस्य विचारणार नाही, दिवे कुठून येतात तेवढंच विचारू.

आणि एखादा खडा काळा पडलाच, तर सुईने उचकटू नका. निखळलेला असेल तर सोबतच्या डबीत टाका आणि हार आहे तसा पाठवा, कोरडा.