पुस्तक मिटल्यावर डोक्यात काय होतं?

गेल्या महिन्यात नाशिकच्या गंगापूर रोडवर एक फ्लेक्स बघितला, "घोकंपट्टी बंद, आता फक्त क्रिएटिव्हिटी", खाली कुठल्यातरी क्लासचा मोबाईल नंबर. पालकांना असं वाक्य लगेच पटतं, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलीये जी मेंदूच्या बाबतीत चुकीची आहे, ती म्हणजे लक्षात ठेवणं वेगळं आणि सुचणं वेगळं, आणि एकाला जागा करायची तर दुसऱ्याला बाहेर काढावं लागतं. खरं तर ही दोन्ही कामं मेंदू बऱ्याच अंशी एकाच यंत्रणेकडून करून घेतो, आणि शाळेत त्या यंत्रणेला काम मिळतं ते पुस्तक मिटल्यावर.

मी पंचवटीतल्या एका शाळेत दर गुरुवारी लायब्ररीच्या तासाला मदतीला जातो. सातवीचा वर्ग. आधी तो तास असा चालायचा की कपाटाचं कुलूप काढायचं, पुस्तकं वाटायची, वीस-पंचवीस मिनिटं वाचन आणि शेवटची दहा मिनिटं वहीत 'सारांश'. आता सारांश कसा, तर पुस्तक उघडं ठेवून मागच्या कव्हरवरचा मजकूर उतरवून काढायचा. अक्षर सुंदर, खाली लाल पेनाची बरोबरची खूण, आणि पुढच्या गुरुवारी विचारलं तर काही जणांना पुस्तकाचं नावसुद्धा आठवायचं नाही. यात मुलांचं काही चुकत नव्हतं, त्यांना उतरवायलाच सांगितलं होतं.

मग ग्रंथपाल मॅडम आणि मी एवढंच बदललं की शेवटच्या दहा मिनिटांत पुस्तकं मिटून टेबलावर पालथी ठेवायची, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं नाहीतर चित्र काढायचं, आणि खाली एक ओळ, "हे वाचून मला आपल्याकडचं काय आठवलं?" पहिले दोन गुरुवार मुलं वैतागली. "सर, आत्ता वाचलंय पण काहीच आठवत नाहीये" असं म्हणणारी पाच-सहा होती आणि ती खोटं बोलत नव्हती, त्यांना खरंच वाटत होतं की आपलं डोकं रिकामं आहे.

तिसऱ्या गुरुवारी एका मुलाच्या हातात वटवाघळांचं पुस्तक होतं. त्याचे आईवडील दिंडोरीकडचे, घरची द्राक्षबाग आहे. त्यानं कागदावर तीनच गोष्टी लिहिल्या, वटवाघूळ आवाज सोडतं, तो आपटून परत येतो, त्यावरून त्याला भिंत कुठंय ते कळतं. आणि खाली लिहिलं, "पप्पा फवारणीच्या टाकीवर बाहेरून टकटक करून किती पाणी उरलंय ते सांगतात." मी ते वाचून थांबलोच. फिजिक्सच्या दृष्टीनं दोन्ही अगदी एक नाही, टाकी भरलेली असली की तिचा कंप बदलतो म्हणून आवाज बदलतो आणि वटवाघूळ प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते मोजतं, पण जे डोळ्यांना दिसत नाही ते आवाज करून विचारायचं ही मधली कल्पना एकच आहे आणि ती त्या पुस्तकात कुठेही लिहिलेली नव्हती. ती त्यानं स्वतः, पुस्तक मिटलेलं असताना जोडली.

आता हे मेंदूत घडतं कसं ते सांगतो, कारण मला यातला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो.

आधी एक प्रयोग. २००६ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना छोटे उतारे दिले, एक सूर्यावर होता, एक सी-ऑटर म्हणजे समुद्री पाणमांजरावर. एका गटानं उतारा चार सत्रांत वाचायचा, पुन्हा पुन्हा. दुसऱ्या गटानं एकाच सत्रात वाचायचा आणि पुढची तीन सत्रं कागदावर आठवून लिहायचा, मध्ये परत बघायचं नाही. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे, ८३ टक्के विरुद्ध ७१. एका आठवड्यानं घेतली तर वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले आणि आठवणारे ६१ वर टिकले. चार सत्रांत वाचणाऱ्यांनी तो उतारा सरासरी १४ वेळा वाचला होता आणि आठवणाऱ्यांनी तीन-चार वेळा. आणि माझ्या मते याहून महत्त्वाचं म्हणजे, आठवड्यानं किती लक्षात राहील असं विचारल्यावर जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती. म्हणजे 'मला येतंय' ही भावना आणि खरंच येणं या दोन गोष्टी चक्क उलट्या दिशेनं जाऊ शकतात, आणि आपण घरी मुलांना "परत एकदा वाच" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा पहिलीच वाढवत असतो.

द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको. एप्रिलची खरड छाटणी झाली की बाग उघडीबोडकी दिसते, नवख्या माणसाला वाटतं नुकसान केलं, पण ऑक्टोबर छाटणीनंतर जे घड दिसतात त्यांची घडनिर्मिती त्या एप्रिलनंतर फुटलेल्या काडीतच झालेली असते. आठवताना डोकं रिकामं वाटतं तो आपला एप्रिल.

आता आत जाऊ. कानांच्या साधारण वर, मेंदूत खोलवर दोन्ही बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा वळलेला भाग असतो. १९५३ साली हेन्री मोलेसन नावाच्या अमेरिकन तरुणाचा फिट्सचा आजार थांबावा म्हणून हा भाग बऱ्यापैकी काढून टाकला, तर त्याच्या फिट्स कमी झाल्या पण नवीन घडलेलं काहीही त्याच्या लक्षात राहीनासं झालं, २००८ साली तो वारला तोपर्यंत. तेव्हापासून या भागाचा खूप अभ्यास झाला. त्याच्या एका पट्ट्याला सीए-थ्री म्हणतात, आणि तिथल्या चेतापेशी एकमेकींनाच भरपूर जोडलेल्या असतात. याचा उपयोग काय, तर आठवणीचा एक तुकडा मिळाला की या जोडण्यांमधून बाकीचे तुकडे पेटत जातात आणि अख्खी आठवण उभी राहते. कुल्फीवाल्याची घंटा ऐकली की आजोळचं अंगण आठवतं ते असं. वाचताना मात्र सगळे तुकडे समोर छापलेलेच असतात, त्यामुळे तुकड्यावरून अख्खं उभं करायचं हे काम या पट्ट्याला मिळतच नाही.

आणि एकदा काम मिळालं की जोडणी पक्की कशी होते? दोन चेतापेशींमध्ये जी बारीक फट असते, सिनॅप्स, तिच्या अलीकडची पेशी ग्लुटामेट नावाचं रसायन सोडते, ही झाली हाक. पलीकडच्या पेशीवर त्या हाकेसाठी दरवाजे असतात. त्यातला एक प्रकार, ॲम्पा रिसेप्टर, साधा, हाक आली की उघडतो. दुसरा एन-एम-डी-ए रिसेप्टर, आणि हा मला निसर्गातल्या सगळ्यात सुंदर यंत्रांपैकी एक वाटतो. त्याच्या भोकात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा अडकलेला असतो. नुसती हाक आली, म्हणजे ग्लुटामेट येऊन बसलं, तरी बूच निघत नाही. पलीकडची पेशी त्याच वेळी स्वतःही चेतलेली असेल, म्हणजे तिच्या आतला विद्युतभार पुरेसा बदललेला असेल, तरच ते बूच ढकललं जातं आणि कॅल्शियम आत शिरतं. हाक आणि जाग दोन्ही एकाच क्षणी हवं. कॅल्शियम आत आलं की पेशीत पुढच्या प्रक्रियांची साखळी सुरू होते, काही एन्झाइम जागे होतात आणि पृष्ठभागावर आणखी ॲम्पा रिसेप्टर आणून बसवले जातात, म्हणजे पुढच्या वेळी तेवढ्याच हाकेला मोठी ओ मिळते. एकत्र चेतणाऱ्या पेशींची जोडणी घट्ट होत असावी हा अंदाज डोनाल्ड हेब यांनी १९४९ सालीच बांधला होता, आणि ब्लिस व लोमो यांनी १९७३ साली सशांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जोडणी अशी तासन्‌तास बळकट राहते हे दाखवलं. हा परिच्छेद अवघड गेला तर बूच तेवढं लक्षात ठेवा.

यापुढची गोष्ट आणखी विलक्षण आहे. आठवण म्हणजे कपाटातली फाइल, काढली, वाचली, परत ठेवली, असं आपण समजतो. २००० साली नादेर, शेफ आणि लेडू यांनी उंदरांवर प्रयोग केला. उंदराला एक आवाज आणि सौम्य शॉक यांची जोडी शिकवली, म्हणजे आवाज आला की तो घाबरून स्तब्ध होणार. नंतर तो आवाज ऐकवून आठवण जागी केली आणि लगेच मेंदूच्या भीतीशी संबंधित भागात नवीन प्रथिनं बनणं थांबवणारं औषध दिलं. पुढच्या वेळी उंदीर फारसा घाबरलाच नाही. आठवण जागी न करता तेच औषध दिलं तर काही परिणाम नाही. म्हणजे जागी झालेली आठवण काही काळ ओल्या मातीसारखी होते आणि तिला परत पक्कं व्हावं लागतं. उंदराच्या भीतीवरून थेट सातवीच्या वर्गात उडी मारता येत नाही हे मान्य, पण आठवणं ही फक्त बघण्याची क्रिया नसून आठवण बदलू शकणारी क्रिया आहे एवढं यातून नक्की दिसतं, आणि म्हणून आठवल्याबरोबर "आपल्याकडचं काय?" हा प्रश्न मला इतका मोलाचा वाटतो.

मग क्रिएटिव्हिटी कुठे आली? २००७ साली डेमिस हसाबिस, ज्यांना पुढे २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी लंडनमध्ये हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या पाच जणांना एक साधं काम दिलं: कल्पना करा की तुम्ही एका सुंदर समुद्रकिनाऱ्यावर पडलेले आहात, काय काय दिसतंय सांगा. पाचातल्या चौघांना ते चित्र नीट उभं करता येईना, तुकडे यायचे पण एकसंध दृश्य होईना. कधीच न घडलेली गोष्ट कल्पायलासुद्धा त्यांना तोच भाग लागत होता जो घडलेलं आठवायला लागतो. ज्याच्याकडे तुकडे नाहीत किंवा जोडायला यंत्र नाही त्याला नवीन काय सुचणार? फ्लेक्सवाल्या वाक्यावर माझा राग आहे तो यासाठी. अर्थ न कळता पाढ्यासारखं म्हणणं नकोच, पण त्याबरोबर आठवणंच बाहेर काढलं तर उरलेली क्रिएटिव्हिटी म्हणजे चकाकी कागद आणि फेव्हिकॉल.

याच रागाच्या भरात एक अजून सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी गावोगाव 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'ची शिबिरं झाली, डोळ्यांवर पट्टी बांधलेली मुलं वास घेऊन रंग ओळखतात म्हणे, फी हजारोंत. मिडब्रेन म्हणजे मध्यमेंदू, तो तुमचा-माझा जन्मापासून चालूच आहे, डोळ्यांची हालचाल आणि जागं राहणं यात त्याचा हात असतो, तो बंद असता तर मूल शिबिराला चालत गेलंच नसतं. पट्टीखाली नाकाजवळ जी फट राहते तिथून मुलं बघतात, नरेंद्र नायक यांच्यासारख्या विवेकवादी कार्यकर्त्यांनी हे उघडपणे दाखवून दिलंय. वाईट याचं वाटतं की त्या मुलांना टाळ्या मिळाल्या त्या खोटं बोलायला. तेवढ्या पैशात शाळेच्या कपाटात कितीतरी पुस्तकं आली असती.

पुस्तकांच्या बाबतीत नाशिक तसं भाग्यवान आहे. सार्वजनिक वाचनालय, आपलं सावाना, १८४० सालचं. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेतल्या पेट्या तर पार परदेशात पोचल्या. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन सगळ्या शाळांत होतो. पुस्तक हातात देण्याचं काम आपण मनापासून करतो, ते दहा मिनिटं हातातून काढून घ्यायचं मात्र कुणाच्या वेळापत्रकात नाही. खर्च शून्य आहे, पाठकोरे कागद चालतात. फक्त शिक्षकांनी त्या शांततेला घाबरू नये, कारण मुलं छताकडे बघत बसली की आपल्याला वाटतं तास वाया चाललाय. लगेच उत्तर सांगून टाकू नका. अगदीच अडलं तर एक तुकडा द्या, "त्यात एक विहीर होती ना?" एवढं पुरतं, माझ्यासमोर एका मुलीनं नुसत्या विहिरीवरून अख्खी गोष्ट सांगितलीये. आणि लिहून झाल्यावर पुस्तक परत उघडून काय सुटलं, काय चुकलं ते बघू द्या, ही पायरी गाळली तर चुकीचंच पक्कं होतं.

आता मॅडमनी त्यात एक भर घातलीये. मुलांना पडलेला प्रश्न चिठ्ठीवर लिहून त्याच पुस्तकात ठेवायचा, पुढच्या वाचणाऱ्याला तो सापडतो. वटवाघळाच्या पुस्तकात पहिली चिठ्ठी त्या टाकीवाल्या मुलाचीच होती, "शाळेमागच्या झाडावर लटकतात ती पण आवाज सोडतात का?" मॅडमनी आणि मी शोधलं. ती झाडावरची मोठी, फळं खाणारी वटवाघळं डोळ्यांनी आणि वासानं काम भागवतात, प्रतिध्वनीचं तंत्र वापरतात ती किडे खाणारी लहान. पुस्तकात सरसकट 'वटवाघूळ' म्हटलं होतं. आम्ही उत्तर सांगितलं नाही, चिठ्ठी तशीच ठेवली.

पुढच्या गुरुवारी ते पुस्तक एका मुलीकडे गेलं. तिनं चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीनं लिहिलं, "माहीत नाही, पण त्यांचे डोळे खूप मोठे आहेत, मी पाहिलेत."