महासागरी बेसाल्ट

महासागरांच्या तळावर गाळाच्या थराखाली जवळजवळ सर्वत्र आढळणारा काळा, सूक्ष्मकणी ज्वालामुखीजन्य खडक. त्याची निर्मिती मुख्यतः सुमारे ६५,००० किमी. लांबीच्या मध्य-महासागरी पर्वतरांगांवर होते. तेथे भूपट्ट (पृथ्वीच्या बाह्य कठीण थराचे प्रचंड तुकडे) एकमेकांपासून दूर सरकतात आणि खालचे प्रावरण, म्हणजे कवचाखालचा घन खडकाचा जाड थर, वर चढते. चढताना ते फारसे थंड होत नाही, पण त्यावरचा दाब घटतो व दाबाबरोबर वितळबिंदूही उतरतो. खडक वितळतो तो या दाबघटीमुळे, जादा उष्णतेमुळे नव्हे. पेरिडोटाइटाचा, म्हणजे प्रावरणाच्या खडकाचा, साधारण दहावा हिस्सा वितळून ६–७ किमी. जाडीचे कवच घडते. वर बेसाल्ट, खाली गॅब्रो (त्याच द्रवापासून सावकाश थिजलेला भरडकणी खडक). थंड पाण्यात लाव्हा उशीच्या आकारात थिजतो आणि त्याच्या कडेला काच बनते. ही काच अभ्यासकाला अमोल वाटावी अशीच आहे, कारण झटकन थिजल्याने तिच्यात शिलारसाचे (वितळलेल्या खडकाचे) मूळ रासायनिक रूप टिकून राहते.

या बेसाल्टात सिलिका सुमारे ५० टक्के असते. त्याचे खरे वैशिष्ट्य मात्र उणिवेत आहे. पोटॅशियम, रुबिडियम, बेरियम, थोरियम, युरेनियम व हलकी विरल मृत्तिका मूलद्रव्ये (लँथॅनमसारखी) त्यात फारच थोडी असतात. प्रावरणातील खनिजांच्या स्फटिकरचनेत ही मूलद्रव्ये नीट बसत नाहीत, म्हणून खडक वितळू लागताच ती प्रथम शिलारसात उतरतात. तरीही शिलारस त्यांच्या बाबतीत दरिद्री निघतो, याचा अर्थ मूळ प्रावरणातूनच ती आधी काढली गेली होती. ती बव्हंशी खंडांच्या कवचात साठली आहेत. ही घटना प्राचीन असल्याचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वस्तुमानाचे अणू) सांगतात: रुबिडियम–८७ च्या ऱ्हासातून स्ट्राँशियम–८७ बनते, आणि रुबिडियम फार पूर्वीच निघून गेल्याने स्ट्राँशियम–८७ व ८६ यांचे गुणोत्तर येथे ०.७०३ च्या आसपासच राहिले आहे. खंडांवरील अनेक ग्रॅनाइटांत ते ०.७१ च्या वर जाते.

खडकाचे विश्लेषण करताना समुद्राच्या पाण्याचा परिणाम विसरून चालत नाही. भेगांतून झिरपलेले पाणी तापून खडकातील धातू विरघळवते व आपल्यातील मॅग्नेशियम खडकात मागे सोडते. पूर्व पॅसिफिक पर्वतरांगेवर १९७९ मध्ये पाहिलेले काळ्या धुरासारखे उष्ण झरे याच प्रक्रियेतून निर्माण होतात.

हवाईसारख्या बेटांवरील बेसाल्ट निराळा. त्यात वरील मूलद्रव्ये भरपूर असतात आणि समस्थानिकांची प्रमाणेही वेगळी असतात. त्याच्या उगमात जुन्या, भूपट्टाबरोबर प्रावरणात बुडालेल्या सागरतळाचा अंश असावा, असे बहुतेक भूरसायनशास्त्रज्ञ मानतात.